काकवीतलं कडू औषध

आमच्या घरात औषध कधी नुसतं घेतलं जात नाही. त्याला अनुपान लागतं, म्हणजे ज्याच्याबरोबर औषध चाटायचं किंवा गिळायचं ते. कुणाकडे मध असतो, कुणाकडे तूप. आमचं गाव कराडजवळ, कृष्णेच्या काठाला, आणि गावाच्या चारी बाजूंना ऊस. तिथे मधाचं नाव कोण काढणार? आमच्याकडे काकवी. गुऱ्हाळात रस आटत आला की गूळ घट्ट व्हायच्या थोडं आधी कढईतून जो तांबूस, पातळ पाक काढून घेतात, ती काकवी. आईची चिनीमातीची बरणी वर्षभर फडताळात असायची. खोकला झाला की सुंठ काकवीतून, पोटात जंत झाले की वावडिंग काकवीतून. ताप आला तर डॉक्टरांची पांढरी गोळीसुद्धा ती चमच्याने चुरायची आणि काकवीतून चाटवायची. औषध गोडच असतं अशी माझी समजूत होती. लग्न होऊन सांगलीला आले, तिथे सासूबाईंनी पहिल्यांदा नुसता काढा हातात दिला, तेव्हा माझं तोंड बघून सगळं घर हसलं होतं.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते कुणाच्या बेफिकिरीने झालं नाही. उलट फार काळजी घेतल्यानं झालं.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त झाले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर शेती. आमच्या भागात हे इतकं सर्रास आहे की कुणी सांगतसुद्धा नाही. घरटी एक माणूस फौजेत आणि बाकीचे उसात. फौजेतून येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. पहाटे उठायची सवय, हिंदी मिसळलेलं बोलणं आणि काळे बूट. बूट ते वर्षातून दोनदाच घालायचे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. त्या दिवशी गावातले सगळे माजी सैनिक कोट चढवून, पदकं लावून शाळेच्या पटांगणात एका रांगेत उभे राहतात आणि झेंड्याला सलामी देतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पा अंगणात पोतं टाकून बसायचे आणि बुटांना पॉलिश करायचे. आईला हात लावू द्यायचे नाहीत. बायकांच्या हातानं चमक येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, भांडी मात्र बायकांच्याच हातानं चमकतात.

त्यांना मधुमेह आहे हे एका तपासणीत कळलं. बदलीचा हुकूम हातात पडावा तसं त्यांनी ते ऐकलं आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू केल्या. आईनं त्याच दिवशी चहातली साखर बंद केली. काही वर्षं सगळं सुरळीत होतं. रक्तातली साखर जिथे असायला हवी तिथे, आणि आप्पाही जिथे असायला हवेत तिथे, म्हणजे उसात.

मग पारावरच्या मंडळींनी त्यांना पावडर सांगितली. संध्याकाळी आमच्या गावातले निवृत्त फौजी पारावर जमतात. तिथे सरहद्दीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यावर निकाल लागतो. निम्म्यांना साखर आहे, उरलेल्यांना रक्तदाब, त्यामुळे औषधांची चर्चा रोजचीच. पावडर अशी होती: जांभळाच्या बिया वाळवून, मेथीदाणे, वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या आणि कडुलिंबाचा पाला, सगळं बारीक करून एकत्र. मोबाईलवरही तेच आलेलं, खाली हात जोडल्याचं चित्र आणि दहा जणांना पाठवा अशी विनंती. मी सांगलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. असले संदेश बघितले की माझं डोकं फिरतं. पण या वेळी मला काही वावगं दिसलं नाही. हे सगळं खाण्यातलंच होतं. मी फोनवर एवढंच म्हणाले, "घ्या आप्पा, पन गोळ्या सोडू नका."

"ठीक हाय," ते म्हणाले.

आप्पांच्या 'ठीक हाय'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. 'मान्य आहे' असा तो नसतो, हे मला माहीत होतं. तरी बरं वाटलं.

गिरणीवाल्यानं ती पावडर दळायला साफ नकार दिला. पुढच्या माणसाचं पीठ कडू होईल, म्हणाला. मग आईनं ती खलबत्त्यात कुटली आणि वस्त्रगाळ केली. तिचे हात पुढे दोन दिवस कडू होते, भाकरीलासुद्धा चव उतरली. आप्पांनी पहिला चमचा पाण्याबरोबर घेतला आणि असा ठसका लागला की शेजारची बाई धावत आली. डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, "ह्ये दुश्मनाला द्याया पायजे." हे सगळं आईनं मला फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसले. पुढचे चमचे ते कसे घेताहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सुचायचं काही कारणही नव्हतं.

त्या सव्वीस जानेवारीला ते बूट घालून रांगेत उभे होते. फेब्रुवारीत आमचा ऊस कारखान्याला गेला. तोडणी झालेल्या रानात उसाची बुडखी राहतात, तिरकी कापलेली, चांगली धारदार. पाणी पाजायला गेलेले असताना त्यातलंच एक चपलेच्या पुढून आप्पांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसलं. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होत जाते. दुखलं नाही, म्हणून त्यांनी बघितलं नाही. संध्याकाळी पाय धुताना पाणी लाल दिसलं तेव्हा आईच्या लक्षात आलं. मला मात्र फोनवर कुणी सांगितलं नाही.

मी मार्चमध्ये एका शनिवारी सांगलीहून एसटीनं गावी गेले. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. आईनं वाटी घेतली, पावडर चमचाभर घातली, फडताळातून बरणी काढली, त्यावर काकवी ओतली आणि बोटानं कालवली. नुसती धार नव्हे, वाटी चांगली निम्मी भरली.

"आई, ह्ये काय?"

"औषध त्यांचं."

"काकवी कशाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही भाताला पाणी कशाला असं मी विचारलं होतं. "अनुपान नगं व्हय? नुसतं घशाखाली उतरत न्हाई त्यांच्या."

"रोज देतीस?"

"सकाळ-संध्याकाळ. कवा दुपारी जेवल्यावर पन मागत्यात." आणि मग माझं तोंड बघून घाईघाईनं, "साखर बंद हाय गं त्यांची. च्यात कणभर घालत न्हाई मी."

माझा आवाज चढला. मी तशीही चिडकी आहे, वर्गातली पोरं सांगतील. ऊस पिळून साखर होते, ऊस पिळूनच काकवी होते, एकीला पांढरी म्हणतो आणि दुसरीला घरची म्हणतो, शरीराला यातलं काही कळत नाही, असं मी बरंच काही बोलले. आई वाटी हातात धरून उभी होती. एवढ्यात आप्पा आत आले.

"काय गोंधळ हाय?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, औषध जहर कडू हाय. त्याला वाईच गोड लागतंय. आत गेल्यावर कडू गोडाला मारतंय, झालं बरूबर."

आमच्या पूर्ण गावाची समजूत या एका वाक्यात होती. जिभेवर कडू आणि गोड एकमेकांना मारतात हे खरं आहे. आमच्याकडे कारल्याची भाजीसुद्धा म्हणूनच मूठभर गूळ घातल्याशिवाय होत नाही. पण पोटात तसं काही होत नाही. कारल्यातली कडू द्रव्यं त्यांचं जे काय थोडं काम असेल ते करतात आणि काकवीतली साखर आपलं काम करते, आणि तिचं काम फार भराभर होतं. शिवाय काकवी म्हणजे आमच्या रानातली, आमच्या गुऱ्हाळातली, फवारणी न केलेल्या उसाची. घरचा ऊस घरच्या माणसाला बाधेल, ही गोष्टच आमच्या डोक्यात शिरत नाही.

"आनि गोळ्या?" मी विचारलं.

मी आप्पांच्या खोलीत जाऊन गोळ्यांचा डबा उघडला. पाकिटं न फोडलेली होती. पावडर सुरू केल्यापासून त्यांनी सकाळची गोळी सोडली होती, आणि पुढे संध्याकाळचीही. दोन दोन औषधं कशाला, असा हिशेब. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि त्या पाकिटांकडे बघत राहिली.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. एवढ्या उन्हाळ्यात एका पायात मोजा होता.

"थंडी वाजतीया," आप्पा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

मोजा काढला. आई रोज न चुकता हळद भरत होती. हळदीखाली अंगठा काळा पडला होता.

कराडच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिनं रक्त तपासलं, पाय तपासला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. अंगठा वाचणार नाही. तो आत्ता काढला तर पाऊल वाचेल, थांबलो तर पाऊलही सांगता येत नाही. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "बूट घालता यील का?"

डॉक्टरला वाटलं असावं, ते चालण्याबद्दल विचारताहेत. ती म्हणाली, "जखम भरली की चालाल तुम्ही." त्यांनी मान हलवली. पण त्यांना काय विचारायचं होतं ते मला आणि आईला कळलं होतं.

निघताना आई थांबली. डॉक्टरांसमोर ती सहसा बोलत नाही. "बाई, मग कारलं-जांभूळ समदं खोटं हाय का?"

"कारलं खोटं नाही मावशी," ती म्हणाली. "पण त्याच्याबरोबर गेलेली काकवी खरी आहे."

तिचा हेतू चांगला होता. वाक्यही बरोबर होतं. पण ते आईच्या काळजात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर बरणी अंगणात उन्हात पालथी घातलेली होती, धुऊन. काकवी तिनं उकिरड्यावर ओतली होती. कुणाला दिली असतीस तर, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "कुनाला द्यायची? त्येंच्या घरात पन मान्सं हायती."

अंगठा काढला. आप्पांनी दवाखान्यात कुरकूर केली नाही. जेवण अळणी आहे, एवढीच तक्रार. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, थोडे दिवस इंजेक्शनही. मी उन्हाळ्याची सुट्टी गावीच काढली आणि आईबरोबर ताटावर बसले, म्हणजे ताटात काय असावं यावर. तिला नियम सांगितलेले आवडत नाहीत, कारण सांगितलेलं आवडतं. म्हणून मी कारणं सांगितली. मेथी भिजली की बुळबुळीत होते ना, तो बुळबुळीतपणा पोटात अन्नाला धरून ठेवतो आणि साखर रक्तात हळू हळू सोडतो. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, सालीत आणि ज्वारीच्या कोंड्यातही अशीच अडवणूक करणारं काही असतं; मग भाकरीचं पीठ चाळायचं नाही. जांभळाचा तो जांभळा रंग आणि जिभेला चिकटणारा तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांच्यावर शास्त्रज्ञ काम करताहेत. काही प्रयोग उंदरांवर, काही माणसांवर. कुणाला फरक दिसतो, कुणाला फारसा दिसत नाही. म्हणजे मदतीला घ्यायचं, भरवशावर राहायचं नाही. कारभार गोळीकडेच.

"म्हंजे जावयावानी," आई म्हणाली. "आला तर बरं, न्हाई आला तर आपलं आपन."

माझ्या नवऱ्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

तिनं बिनगुळाची कारल्याची भाजी केली, आयुष्यात पहिल्यांदा. कांदा भरपूर, दाण्याचं कूट, चिंच अगदी नावाला. आप्पांनी ताट पुसून खाल्लं आणि कशी झाली ते सांगितलं नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी भाजीला नाव ठेवलं नाही असं ते पहिलंच जेवण असेल. हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं सकाळच्या चहाच्या जागी आलं. रिकाम्या बरणीत आई हुलगे ठेवू लागली.

साखर उतरली, जखम भरली. पण पंधरा ऑगस्टला बूट बसला नाही. आत पाऊल पुढे सरकायचं आणि टाच वर उचलायची. आप्पांनी दोनदा घालून बघितला, मग तो पोत्यावर ठेवून दिला आणि झेंडावंदनाला गेलेच नाहीत. रांगेतली त्यांची जागा मोकळी राहिली म्हणे. दिवसभर ते गोठ्यात काहीबाही करत होते. आई माझ्याशी फोनवर बोलताना म्हणाली, "माझ्या हातानं झालं गं." तुझ्या हातानं नाही झालं, त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, हे मी तिला कितीतरी वेळा सांगितलं. तिनं 'व्हय व्हय' म्हणून विषय बदलला. माझं सांगणं तिला पोचत नव्हतं, आणि ज्यांचं पोचलं असतं ते बोलत नव्हते. आमच्याकडे पुरुष माणसं बायकोशी पाऊस-पाणी बोलतात, असलं काही बोलत नाहीत.

दिवाळीत मी आणखी एक बघितलं. आईनं लाडू केले, चकल्या केल्या, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः लाडवाला हात लावला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होती. तिला साखरेचा काही त्रास नाही, मी तपासून घेतलं होतं. विचारलं तर म्हणाली, "गोडानं डोकं दुखतंय हल्ली." मार्चपासून तिनं जिभेवर गोड ठेवलं नव्हतं. आप्पा पलीकडे पेपर वाचत होते. पान उलटायचं थांबलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

यंदा सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम गावी गेले. आदल्या संध्याकाळी आप्पा पोतं टाकून अंगणात बसले, बूट समोर. पण ब्रश घेतला नाही. बसून राहिले. आई आतून आली. तिच्या हातात जुन्या उशीतला कापूस होता. तिनं उजवा बूट उचलला, कापसाचा बोळा केला आणि बोटांनी पुढच्या टोकाला दाबून बसवला. त्यांच्या पायात घालून बघितला, काढला, थोडा कापूस कमी केला, पुन्हा घातला.

"उभं ऱ्हावा बगू."

ते उभे राहिले. चार पावलं चालले. टाच उचलली नाही. मग आईनं दोन्ही बूट घेतले आणि पॉलिशही तिनंच केलं. आप्पांनी करू दिलं.

सकाळी पटांगणात ते आपल्या जागी उभे होते. झेंडा वर गेला तेव्हा सगळे वर बघत होते. बायकांच्या घोळक्यात आई माझ्या शेजारी उभी होती, तिची नजर त्यांच्या उजव्या पायावर. सलामी संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

नंतर नेहमीप्रमाणे सगळ्यांना जिलेबी वाटली. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला जिलेबी हवीच. आप्पांनी आपली घेतली, कागदात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली. घरी जाऊन खाणार की काय, या धास्तीनं मी वाटभर त्या खिशावर नजर ठेवली.

घरी आल्यावर ते पायरीवर बसले. बूट काढला, कापूस बाहेर काढून बाजूला ठेवला. मग खिशातून तो तेलकट कागद काढून आईपुढे धरला.

"घे."

"नगं मला."

"खा म्हनतोय."

"डोकं दुखतंय गोडानं."

आप्पा बुटाकडे बघत, मान वर न करता म्हणाले, "गोळी मी सोडली हुती. तुला न सांगता. तू मला औषध गिळता यावं म्हनून दिलंस. अंगठा माझ्यामुळं गेलाय, तुझ्यामुळं न्हाई. ह्ये मी आदीच बोलाया पायजे हुतं." आणि पुन्हा कागद पुढे केला. "माझ्या वाटनीची हाय. मला चालत न्हाई. तू खा."

आईनं जिलेबी घेतली. भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या, सावकाश सगळी खाल्ली. पदरानं आधी डोळे पुसले, मग हात.

"पाक लय गोड केलाय यंदा," ती म्हणाली. आणि चहा टाकायला आत गेली.